इथाइल मर्कॅप्टन: एकीकडे जपायचा वास, दुसरीकडे मारायचा

एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. इथाइल मर्कॅप्टनचे गुणधर्म काय? इतक्या घाण वासाचं रसायन उद्योगाला लागतं कशाला? आणि वास एवढा भयंकर, म्हणजे ते विषारीही तितकंच असणार ना?

मर्कॅप्टन बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या प्लांटमध्ये माझी पंचवीसेक वर्षं गेली. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो गैरसमज डोक्यात बसला की पुढचं सगळं उलटं कळतं.

वास किती उग्र यावरून विष किती जहाल हे इथे ठरत नाही. आपलं नाक इथाइल मर्कॅप्टन साधारण एक पीपीबीला, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत एक भाग असताना पकडतं. काही नाकं त्याहूनही आधी. अमेरिकेतली एसीजीआयएच ही औद्योगिक आरोग्याची संस्था आठ तासांच्या पाळीसाठी जी मर्यादा सांगते ती ०.५ पीपीएम, म्हणजे ५०० पीपीबी. याचा अर्थ, वास आल्यापासून त्या मर्यादेपर्यंत पोचायला हवेतलं प्रमाण शेकडो पटींनी वाढावं लागतं. जिवाला तातडीचा धोका म्हणून जी पातळी धरतात ती या रसायनासाठी ५०० पीपीएम आहे. त्याचाच चुलतभाऊ हायड्रोजन सल्फाइड, त्याच्यासाठी ती १०० पीपीएम आहे. आणि हा चुलतभाऊ शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. मर्कॅप्टनच्या प्लांटमध्ये मी मर्कॅप्टनला कधी फारसा घाबरलो नाही. कच्च्या मालाच्या लाइनमधल्या हायड्रोजन सल्फाइडला मात्र रोज घाबरत होतो.

म्हणून ते निरुपद्रवी आहे असं नाही. जास्त प्रमाणात डोकं दुखतं, मळमळतं, डोळे चुरचुरतात, आणि फारच जास्त झालं तर मज्जासंस्थेवर परिणाम होऊन श्वास मंदावतो. पण प्रत्यक्षात पहिला धोका आगीचा असतो, तो कसा ते पुढे येईल.

नाक याच रेणूवर इतकं तीक्ष्ण का, याचं उत्तर अलीकडे बरंच स्पष्ट झालं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात माणसाच्या नाकातला ओआर२टी११ हा ग्राही (वास पकडणारं प्रथिन) छोट्या थायॉल रेणूंना, म्हणजे मर्कॅप्टनांना, प्रतिसाद देतो आणि त्यासाठी त्याला तांब्याचे आयन लागतात, असं दाखवलं गेलं. गंधक आणि तांबं यांची जवळीक प्रत्येक प्लांटवाल्याला ठाऊक असते. पितळी व्हॉल्व मर्कॅप्टनच्या लाइनवर का लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तीच जवळीक नाकातही कामाला येते हे वाचलं तेव्हा मला मनापासून हसू आलं.

आता गुणधर्म. रेणू साधा आहे. अल्कोहोलच्या, म्हणजे इथेनॉलच्या रेणूतला ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवा, झालं इथाइल मर्कॅप्टन. पाठ्यपुस्तकात त्याला इथेनथायॉल म्हणतात, प्लांटवर कुणी म्हणत नाही. रेणूभार ६२.१. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि हे त्याहून जड असूनही ३५ अंशालाच. कारण ऑक्सिजनसारखे घट्ट हायड्रोजन बंध गंधक जोडू शकत नाही, रेणू एकमेकांना धरून राहत नाहीत. पाण्यात ते फार विरघळत नाही, लिटरला सात ग्रॅमच्या आसपास. पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर तरंगतं. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, उणे ४८ अंश. हवेत २.८ ते १८ टक्के या पट्ट्यात पेट घेतं, आणि वाफ हवेच्या दुपटीहून जड असल्याने जमिनीलगत सरपटत लांब जाते. ३५ अंश उत्कलनबिंदू म्हणजे उन्हाळी दुपारी ड्रमच्या आत ते उकळण्याच्या बेतात असतं. वाहतुकीत त्याचा क्रमांक यूएन २३६३, वर्ग ३ आणि पॅकिंग गट १, म्हणजे ज्वालाग्राही द्रवांतला सगळ्यांत कडक गट. जळालं की सल्फर डायऑक्साइड होतो, म्हणजे आग विझवतानाही श्वसनाचा संच लागतोच.

रासायनिक स्वभावातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर उद्योगातले सगळे उपयोग आपोआप उलगडतात. एक, हा दुबळा आम्ल आहे, पीकेए (हा आकडा जितका मोठा तितकं आम्ल दुबळं) सुमारे १०.६. कॉस्टिक सोड्यामध्ये विरघळून मीठ बनतो आणि मग वास जवळजवळ नाहीसा होतो. दोन, गंधक आणि हायड्रोजन यांमधला बंध सहज तुटतो, त्यामुळे हायड्रोजन काढून देण्यात हा रेणू उदार आहे. तीन, थोडं जरी ऑक्सिडीकरण झालं तरी दोन रेणू गंधकाला गंधक जोडून डायसल्फाइड बनतात. डायइथाइल डायसल्फाइड १५४ अंशाला उकळतं आणि त्याचा वास वेगळा, लसणीकडे झुकणारा, पण कितीतरी मवाळ असतो.

धातूंशी असलेली दोस्ती तर नावातच आहे. १८३४ मध्ये डॅनिश रसायनतज्ज्ञ विल्यम क्रिस्टोफर झाइझे यांनी हे पदार्थ वर्णन केले तेव्हा ते पाऱ्याच्या ऑक्साइडशी झटकन जुळतात असं त्यांना दिसलं, म्हणून लॅटिनमधल्या ‘पाऱ्याला पकडणारा’ अशा अर्थाच्या शब्दांवरून मर्कॅप्टन हे नाव पडलं.

उपयोगांत पहिला मान गॅसला वास देण्याचा. प्रोपेन, ब्युटेन, मिथेन यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती नाकाने कळावी म्हणून काही मिसळायची कल्पना जुनी आहे, जर्मनीत १८८०च्या दशकातच वॉटर गॅसमध्ये (कोळसा आणि वाफ यांपासून बनणाऱ्या जळाऊ गॅसमध्ये) मर्कॅप्टन घालून पाहिलं होतं. पण सक्ती आली ती अपघातानंतर. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन इथल्या शाळेत तळघरवजा पोकळीत वासरहित नैसर्गिक गॅस साठत गेला. कुणाला पत्ता लागला नाही. कार्यशाळेतल्या विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे जण मेले, बहुतेक मुलं. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासने गॅसला वास देण्याचा कायदा केला आणि पाठोपाठ इतरत्रही तो नियम झाला.

किती घालायचं? एलपीजीसाठी जुना प्रचलित आकडा आहे दहा हजार अमेरिकी गॅलनला एक पौंड, म्हणजे एक घनमीटर द्रवाला १२ ग्रॅम. हा आकडा हवेतून आलेला नाही, हिशेब करून बघू. एक घनमीटर द्रव प्रोपेनचं वजन साधारण ५०० किलो, म्हणजे वजनाने २४ पीपीएम. मर्कॅप्टनचा रेणू प्रोपेनच्या रेणूपेक्षा जड, त्यामुळे रेणूंच्या हिशेबात १७ पीपीएम. नियम असा की गॅस हवेत पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या एक पंचमांशावर पोचण्याआधी वास आला पाहिजे. प्रोपेनची ती मर्यादा सुमारे २.१ टक्के, एक पंचमांश म्हणजे ०.४२ टक्के. १७ पीपीएमचे ०.४२ टक्के काढा: साधारण ७० पीपीबी. नाकाला एक पीपीबी पुरतं. म्हणजे कागदावर सत्तरपट जागा राखून ठेवलेली आहे.

ही सत्तरपट जागा चैन वाटते, पण ती खर्च होते. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतं, मर्कॅप्टन ३५ला. टाकीतून वाफ घेतली की प्रोपेन पुढे पळतं आणि मर्कॅप्टन द्रवात मागे रेंगाळतं. भरलेल्या टाकीच्या वरच्या वाफेत त्याचं प्रमाण द्रवापेक्षा बरंच कमी असतं, आणि टाकी संपत आली की तळाशी साचलेलं मर्कॅप्टन एकदम वर येतं. सिलिंडर संपता संपता शेगडीजवळ वास वाढतो तो यामुळे. लोक गळती समजतात. पुष्कळदा गळती नसते. तरी तपासून घ्यावं, हे मी सगळ्यांना सांगतो आणि स्वतःही पाळतो.

मग एलपीजीत इथाइलच का? त्याच्या वरचे, जास्त कार्बनचे जड भाऊ आणखी मागे रेंगाळतील म्हणून. आणि मिथाइल मर्कॅप्टन ६ अंशाला उकळत असलं तरी ते ऑक्सिडीकरणाला जास्त बळी पडतं आणि जास्त विषारीही आहे. पाइपलाइनच्या नैसर्गिक गॅसचं गणित वेगळं. तिथे सगळं वायुरूपच आहे, मागे राहण्याचा प्रश्न नाही, पण मैलोगणती पोलादी नळी आणि वर माती आहे. तिथे टर्शरी ब्युटाइल मर्कॅप्टन चालतं, कारण गंधकाभोवती कार्बनची गर्दी असल्याने डायसल्फाइड सहज होत नाही. शुद्ध रूपात ते शून्य अंशाच्या आसपासच गोठतं, म्हणून त्यात डायमिथाइल सल्फाइड किंवा दुसरं मर्कॅप्टन मिसळतात. काही देशांत टेट्राहायड्रोथायोफीन वापरतात. त्यात गंधकावर हायड्रोजनच नाही, त्यामुळे ते रासायनिकदृष्ट्या सगळ्यांत टिकाऊ.

आता या विषयातला माझा सगळ्यांत जिव्हाळ्याचा भाग: वास मरतो कसा. इंग्रजीत याला ओडर फेड म्हणतात, आम्ही साइटवर ‘वास बसला’ म्हणायचो. नव्या पोलादी टाकीच्या आत गंजाची पातळ थर असते. आयर्न ऑक्साइड आणि उरलीसुरली हवा मिळून मर्कॅप्टनचं डायसल्फाइड करून टाकतात. एकदा एका नव्या बुलेट टाकीत (आडव्या, लांबट दाबाच्या टाकीत) नियमाप्रमाणे वास दिलेला एलपीजी भरला. मर्कॅप्टन मोजून घालणाऱ्या डोसिंग पंपाची नोंद बरोबर, टँकरचं प्रमाणपत्र बरोबर. चार दिवसांनी मी सहज व्हेंटवर नाक नेलं तर वास जेमतेम. ठेकेदाराने टाकी पाण्याने दाब-चाचणी करून तशीच ओली, उघडी ठेवली होती आणि आतून तांबूस गंज धरला होता. कागदावर एक रुपयाची चूक नव्हती. मग जास्तीचं मर्कॅप्टन घालून टाकीच्या पोटाची भूक भागवली, तेव्हा कुठे वास टिकू लागला. नवीन टाकी, नवीन नळी, बराच काळ हवा शिरलेली जुनी टाकी, या तिन्ही ठिकाणी पहिल्या भरणीच्या वासावर विसंबू नये.

जमिनीखालच्या गळतीत माती हेच काम करते. चिकणमातीतून झिरपताना गॅस पुढे जातो आणि वास मातीत अडकतो. नमुना घेतानाही हीच गोम आहे: साध्या पोलादी बाटलीत नमुना घेतला आणि दोन दिवसांनी प्रयोगशाळेत तपासला तर आकडा कमी येतो आणि दोष बिचाऱ्या डोसिंग पंपावर जातो. आतून निष्क्रिय लेप दिलेली बाटली वापरा, नाहीतर जागेवरच डिटेक्टर ट्यूबने मोजा.

आणि नाकाच्या मर्यादा आहेतच. सर्दी झालेली असते, वयाने वास कमी येतो, थोडा वेळ वासात राहिलं की नाक थकतं आणि तक्रार करणं सोडून देतं. झोपलेला माणूस वासाने जागा होईलच असं नाही. या सगळ्यामुळे माझं मत पक्कं आहे: वास हा पहिला पहारेकरी आहे, एकमेव पहारेकरी नव्हे. एलपीजी हवेपेक्षा जड, त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ लावा. मिथेन हलका, त्याचा छताजवळ. लोक नेमकं उलटं लावतात.

वासाचा आणखी एक उपयोग खाणींत होतो. जमिनीखाली यंत्रांच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही आणि दिवे सगळीकडे पोचत नाहीत. पण वायुवीजन आणि दाबाखालची हवा प्रत्येक कोपऱ्यात जाते. आणीबाणीत त्या हवेत मर्कॅप्टन सोडतात; वास आला की काम टाकून सुरक्षित जागी जायचं, एवढंच शिकवलेलं असतं. आणि एक उपयोग कुणी ठरवून केलेला नाही. कॅलिफोर्नियात १९३०च्या दशकात गॅसलाइनच्या अभियंत्यांच्या लक्षात आलं की जिथे गळती आहे तिथे वर टर्की व्हल्चर जातीची गिधाडं घिरट्या घालतात. कुजणाऱ्या मांसातून हेच मर्कॅप्टन निघतं, ती त्यामागे आलेली असत. पक्ष्यांना वास कळतो की नाही यावर तेव्हा विद्वानांत वाद चालू होता. केनेथ स्टेगर यांनी १९६४ साली छापलेल्या अभ्यासाने या गिधाडापुरता तरी त्याचा निकाल लावला.

वासासाठी लागतं त्याखेरीज इथाइल मर्कॅप्टन कच्चा माल म्हणूनही खपतं. फोरेट या कीटकनाशकात फॉर्माल्डिहाइड, इथाइल मर्कॅप्टन आणि डायथायोफॉस्फोरिक आम्लाचं डायइथाइल एस्टर एकत्र येतात. ईपीटीसी हे तणनाशक, तसंच क्लेथोडिम आणि सेथॉक्सिडिम या तणनाशकांतला गंधकाचा तुकडा इथूनच येतो. औषधांत टिनिडाझोलच्या रेणूत इथाइलसल्फोनिल गट आहे. इतिहासात मागे गेलं तर सल्फोनल हे १८८८ मधलं झोपेचं औषध ॲसिटोन आणि इथाइल मर्कॅप्टन यांच्यापासून बनायचं. झोपेच्या औषधाची सुरुवात अशा वासातून व्हावी, हा योगायोगच.

भावंडांचा धंदा मात्र खूप मोठा आहे. मिथाइल मर्कॅप्टन आणि ॲक्रोलिन यांपासून मेथिओनिन हे अमिनो आम्ल बनतं, जे कोंबड्यांच्या खाद्यात जातं. बारा कार्बनची डोडेसाइल मर्कॅप्टन कृत्रिम रबर आणि एबीएस प्लास्टिक बनवताना वापरतात. वर सांगितलेली दुसरी गोष्ट इथे कामाला येते: वाढणाऱ्या साखळीला हा रेणू आपला हायड्रोजन देऊन थांबवतो आणि नवी साखळी सुरू करून देतो. जास्त घातलं की साखळ्या आखूड, कमी घातलं की लांब. रबर किती मऊ होणार हे असं चिमटीने ठरतं.

बनवायची रीत थोडक्यात: इथिलीन किंवा इथेनॉल आणि हायड्रोजन सल्फाइड उत्प्रेरकावरून नेतात, मग ऊर्ध्वपातन करून जोडीला झालेलं डायइथाइल सल्फाइड वेगळं काढतात. याहून लांबवण्यासारखं त्यात काही नाही. सगळी मेहनत जोडांवर आहे. फ्लँज शक्य तितके कमी, पंप बिनसीलचे, टाक्यांवर नायट्रोजनचं आवरण, प्रत्येक व्हेंटमधला वायू आधी स्क्रबरमधून (वायू धुणाऱ्या यंत्रातून), मग भट्टीत.

दुसऱ्या टोकाला रिफायनरी आहे, जिथे हाच रेणू नकोसा असतो. कच्च्या तेलातून एलपीजीत आलेली मर्कॅप्टनं गंजवतात आणि उत्प्रेरक बिघडवतात, म्हणून ती काढतात. १९५८ पासून वापरात असलेली मेरॉक्स प्रक्रिया मर्कॅप्टनला कॉस्टिकमध्ये ओढते आणि कोबाल्टच्या उत्प्रेरकावर हवा देऊन डायसल्फाइड करते. मग त्याच साफ केलेल्या एलपीजीत, भरणीच्या आधी, मोजून इथाइल मर्कॅप्टन घालतात. शिकाऊ पोरं यावर हटकून हसतात. पण कच्च्या तेलातून आलेलं मर्कॅप्टन किती, कुठलं, हे रोज बदलतं. वास हा सुरक्षेचा भाग असेल तर तो मोजूनमापूनच असला पाहिजे. एरोसोलच्या डब्यात भरायच्या एलपीजीत तर वास घालतच नाहीत, आणि इंधनघटाला देण्याआधी तो गाळून काढावा लागतो.

गळती झाली तर काय होतं याचं मोठं उदाहरण जानेवारी २०१३ मधलं. फ्रान्समधल्या रूआँ इथल्या एका रासायनिक कारखान्यातून मर्कॅप्टन सुटलं आणि वास पॅरिसपर्यंत, पुढे खाडी ओलांडून दक्षिण इंग्लंडपर्यंत पोचला. लोकांनी गॅस गळतो आहे म्हणून फोनवर फोन केले. आमच्याकडेही एकदा जुनं गॅस्केट कुणीतरी न धुता भंगारात टाकलं, त्यात फार तर चमचाभर द्रव असेल. तासाभरात अग्निशमन दलाची गाडी आजूबाजूच्या इमारतींत गॅसची गळती शोधत फिरत होती. खरा धोका इथे आहे. लोकांना दोनदा खोटा वास आला की तिसऱ्यांदा खऱ्या गळतीला ते खिडकी उघडून गप्प बसतात.

तू प्रयोगशाळेत हे वापरणार असशील तर कामाचं एवढं. बाटली उघडण्याआधी थंड करून घे. ३५ अंशाला उकळणारी गोष्ट गरम खोलीत झाकण काढताच फुसफुसते. वास मारायला सोडियम हायपोक्लोराइट वापरायचा (पुढे नुसतं ‘हायपो’ म्हणतो, फोटोवाल्यांचा हायपो म्हणजे थायोसल्फेट नव्हे), आणि भरपूर. मर्कॅप्टनच्या एका रेणूला हायपोचे तीन रेणू लागतात, तेव्हा ते सल्फोनिक आम्लापर्यंत जातं. वर पाव हिस्सा जास्तीचा धर. कमी पडला तर डायसल्फाइडवर अडकतं आणि खोलीत लसणीचा वास राहतो. हायपो भांड्यात आधी घे, ढवळत ठेव आणि मर्कॅप्टन त्यात थेंबथेंब सोड. उलटं केलंस तर एकदम तापतं. घन कॅल्शियम हायपोक्लोराइटवर तर शुद्ध मर्कॅप्टन कधीच ओतू नकोस, पेट घेतं. हायपोत आम्ल मिसळू देऊ नकोस, क्लोरीन सुटतो. कॉस्टिकमध्ये धरलेलं मर्कॅप्टन संपलेलं नसतं, नुसतं झोपलेलं असतं. कुणी त्या द्रावणात आम्ल टाकलं की ते सगळं परत उठतं, म्हणून अशा बाटलीवर मोठ्या अक्षरात तसं लिहून ठेव. हातमोजे, पिपेट, टिश्यूपेपर, सगळं हूडच्या, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, आतच ठेवलेल्या हायपोच्या भांड्यात टाकायचं आणि रात्रभर तिथेच राहू द्यायचं. आणि हूडचा पंखा चालू आहे ना हे कागदाची पट्टी धरून बघ, नाकाने बघू नकोस.